दहाच्या आत

सकाळी 6.15

भाऊजींची भेंडी आज लवकर निघाली. जळोचीचा उपबाजार आम्हाला जवळ पडतो. टेम्पोत कॅरेट चढवून ते गेले की पट्टी घेऊन नाश्त्याला घरी असतात. कधीमधी मीही बरोबर जाते. डबा व्हायचा असतो, झाडलोट पडलेली असते, तरी जाते, कारण लिलाव बघायला मला आवडतं. आडत्या मालासमोर उभा, व्यापारी भोवती, ज्याचा माल तो शेजारी. भाव मोठ्यानं पुकारला जातो, चढतो, अडतो, आणि कुणाला कितीला गेला हे चहा देणाऱ्या पोरालाही कळतं. एके काळी बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. ज्याच्या घामाचा माल, त्यालाच बोली कळायची नाही. उघडा लिलाव कायद्यात आला तो या रुमालापायी.

मी शेजारच्या एका नगरपरिषदेत लेखा विभागात आहे आणि निविदांचं टेबल माझ्याकडे आहे. आमचा सौदा उलट्या बाजूचा. आम्ही घेणारे, म्हणून सगळ्यांत कमी भाव टाकणाऱ्याला काम. भाव मात्र ज्यानं त्यानं आपापल्या ठिकाणी बसून, कुलूपबंद भरायचा. भाऊजी मला नेहमी चिडवतात, "वहिनी, तुमचा रुमाल इंटरनेटवर गेला, एवढाच काय तो फरक."

सकाळी 8.20

एसटीत खिडकी मिळाली तर कागद काढता येतात. आज काढायलाच हवेत. संध्याकाळपर्यंत साहेबांना टिपणी द्यायची आहे: खरेदी आणि निविदा कार्यपद्धतीचे सुधारित नियम, सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यासाठी.

ही घाई आताच का, ते सांगते. 2021 च्या अखेरीस आणि पुढे लगोलग राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रशासक बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच. म्हणजे "सादर" म्हणून खाली सही करणारे तेच आणि "मंजूर" म्हणून ठरावावर सही करणारेही तेच. त्या काळातल्या फाइली चाळताना मला गंमत वाटते. एकाच पेनाची शाई, एकच वळण, मधे दोन ओळींचं अंतर. काम भराभर व्हायचं हे खरं, पण "हे का?" असं विचारणारं समोर कुणी नव्हतं. 2025 च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या, सभागृह भरलं, आणि नव्या सदस्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, आपले खरेदीचे नियम कुठे आहेत, दाखवा.

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला कपाट उघडावं लागलं.

सकाळी 10.00

कपाटात काय काय आहे? 1971 ची नगरपरिषदांची लेखासंहिता, कडा कुरतडलेली. 1965 चा नगरपरिषदा अधिनियम. उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका. ई-निविदेचे शासन निर्णय. सरकारच्या जेम पोर्टलवरून खरेदी करण्याबद्दलची पत्रं. सार्वजनिक बांधकाम खात्याचे निर्णय, जे आम्हाला उद्देशून नसले तरी रस्त्यांच्या कामांना आम्ही वापरतो. आणि या सगळ्यांवर "तात्काळ" असा शिक्का मारलेली शुद्धिपत्रकं.

तामिळनाडूनं 1998 मध्ये निविदांतल्या पारदर्शकतेचा कायदा केला, कर्नाटकानं पुढच्याच वर्षी. केंद्रानं 2012 मध्ये सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं, ते तसंच राहून गेलं. महाराष्ट्राचा कारभार मात्र मुख्यतः शासन निर्णयांवर चालतो. शासन निर्णय बदलायला विधानसभा लागत नाही, म्हणून ते चटकन बदलतात, आणि म्हणूनच छोट्या गावातल्या लिपिकाला आज नेमकं काय लागू आहे हे दुसऱ्या गावातल्या लिपिकाला फोन करून विचारावं लागतं. आमचा एक ग्रुप आहे. त्यावर दिवसातून एकदा तरी कुणीतरी लिहितं, "अमुक तारखेचा जीआर कुणाकडे आहे का? अर्जंट."

सकाळी 11.00

मर्यादेचा तक्ता करायला घेतला. सभागृहाला यातच रस असणार.

ई-निविदा किती रकमेपासून करायची, ही ती मर्यादा. आधी ती 10 लाखांची होती. 2014 च्या अखेरीस 3 लाखांवर आणली. उद्देश चांगला होता: छोट्या कामांतही चार लोक यावेत. मग व्हायला लागलं असं की कचऱ्याच्या गाड्यांचे टायर, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती, शाळेची बाकं, सगळंच पोर्टलवर. जाहिरात, मुदत, मुदतवाढ, दोन लिफाफे. पंप उन्हाळ्यात जळायचा आणि दुरुस्तीचा आदेश पहिल्या पावसात निघायचा. 2021 मध्ये मर्यादा परत 10 लाखांवर गेली.

खाली आणली तेव्हाचं कारण बरोबर होतं, वर नेली तेव्हाचंही बरोबर होतं. माझं म्हणणं इतकंच, की या दोन्ही वेळी सगळी चर्चा आकड्यावर झाली. आकड्याच्या खाली काय चालतं ते बघायला कुणी वाकलं नाही.

खाली चालतात दरपत्रकं. तीन दुकानांची मागवायची, कमी दर त्याला खरेदी. जळोची ग्रामपंचायत होती, बारामतीच्या हद्दवाढीत गेली नव्हती, तेव्हापासून मला ही पद्धत ठाऊक आहे. गावगाड्यात ती चालूनही जायची, कारण दुकानदार कोण आणि त्याचा भाव काय हे सगळ्या गावाला माहीत. शहरात तसं नसतं. आज एका जुन्या फाइलीत जंतुनाशक पावडरीची तीन दरपत्रकं सापडली. लेटरहेड तीन, गावं तीन, शिक्के तीन. पण तिन्हींत "ब्लिचींग पवाडर" असं लिहिलेलं. काना एकाच ठिकाणी घसरलेला. टायपिंग कुणी केलं हे विचारायची गरजच नाही. लेखापरीक्षणात ही फाइल बिनआक्षेप गेली होती. तीन कागद हवे होते, तीन होते.

दुपारी 12.10

कनिष्ठ अभियंते अंदाजपत्रकं घेऊन आले. तरुण आहेत, कामाला वाघ आहेत. एका प्रभागातला रस्ता, तीन अंदाजपत्रकं: चौकापासून शाळेपर्यंत, शाळेपासून देवळापर्यंत, देवळापासून पुलापर्यंत. प्रत्येक साडेनऊच्या वर आणि दहाच्या आत.

"सर, रस्ता एकच आहे ना?"

"मॅडम, लांबी जास्त आहे. टप्प्याटप्प्यानं करू."

"तिन्ही टप्पे एकाच महिन्यात?"

ते हसले. मीही हसले. मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे पाडायचे नाहीत, असं प्रत्येक शासन निर्णयात लिहिलेलं असतं. तुकडा म्हणजे काय, हे कुठेच धड लिहिलेलं नसतं. म्हणून टिपणीत मी कलम घातलं: एका आर्थिक वर्षात एकाच प्रकारची वस्तू किंवा सलग असलेलं काम यांची बेरीज करूनच मर्यादा बघायची, आणि त्यासाठी एप्रिलमध्ये वर्षाचा खरेदी आराखडा सभागृहापुढे यायचा. वर्षभरात पावडर किती लागते, बल्ब किती लागतात, हे आम्हाला एप्रिलमध्ये माहीत असतं. दरवर्षी तेवढंच लागतं.

अभियंत्यांनी अंदाजपत्रकं परत नेली. उद्या पुन्हा आणतील. कदाचित एकच करून, कदाचित चार करून.

दुपारी 1.30

डबा. ज्वारीची भाकरी, भेंडी. पाणीपुरवठ्याच्या मॅडमनी शेंगदाण्याची चटणी दिली.

दुपारी 2.00

टिपणीतला सगळ्यात मोठा भाग आता लिहायचा आहे: अटी. निविदा उघडताना सगळे स्क्रीनकडे बघतात. पण तोवर जे व्हायचं ते बहुतेक वेळा होऊन गेलेलं असतं. कोण येऊ शकतो हे ज्या दिवशी अटी लिहिल्या त्या दिवशी ठरतं, आणि अटी लिहिताना खोलीत दोघंतिघंच असतात.

मैला उपसण्याच्या गाडीचं उदाहरण माझ्यासमोरच आहे. मागच्या तपशिलात लिहिलं होतं: टाकी 4,150 लिटर. चार हजार नाही, साडेचार हजार नाही, चार हजार एकशे पन्नास. असा आकडा गरजेतून येत नाही, माहितीपत्रकातून येतो. खाली "किंवा तत्सम" असं लिहिलं की नियम पाळला, असं आम्ही मानतो. पण 4,150 लिटरला तत्सम म्हणजे किती, हे ठरवणार कोण? मी नियमात लिहिलं: मोजमापं किमान-कमाल अशी द्यायची, आणि तपशील बनवणाऱ्यानं सहीनिशी लिहायचं की हा तपशील किमान तीन उत्पादकांच्या मालाला बसतो. नावं लिहायला लागली की माणूस चौकशी करतोच.

रस्त्याच्या कामातली अट आणखी बेरकी असते. डांबराचा हॉट मिक्स प्लँट अमुक किलोमीटरच्या आत हवा. कारण खोटं नाही. माल गरम पोचला नाही तर रस्ता टिकत नाही. स्वतःचा प्लँट नसेल त्यानं प्लँटवाल्याचं संमतीपत्र जोडायचं. आता या परिघात प्लँट दोनच असतील, तर पत्र कुणाला द्यायचं आणि कुणाला "सही करणारे साहेब बाहेरगावी आहेत" म्हणायचं, हे प्लँटवाला ठरवतो. निविदा आमची, दार त्याचं. असंच जागा पाहणीच्या दाखल्याचं. निविदा भरणाऱ्यानं आधी जागेवर येऊन अभियंत्याचा दाखला घ्यावा, ही अट वरवर शहाणपणाची. परिणाम असा की कोण कोण भरणार याची यादी भरायच्या आधीच तयार होते. यादी तयार झाली की फोन सुरू होतात. लिफाफा कुलूपबंद ठेवून काय उपयोग?

ही दाखल्याची अट मी सरळ काढली. संमतीपत्राऐवजी काम मिळाल्यावर ठरावीक दिवसांत प्लँटशी करारनामा द्यायचा, असं लिहिलं. अनुभवाच्या अटीला केंद्रीय दक्षता आयोगाचं 2002 चं माप धरलं: मागच्या सात वर्षांत तशीच तीन कामं प्रत्येकी अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांची, किंवा दोन 50 टक्क्यांची, किंवा एक 80 टक्क्यांचं. आयोग आमच्यावर नाही, पण माप वाजवी आहे. 50 लाखांच्या कामाला 40 लाखांचं एक काम केलेला माणूस पुरे. त्यानं ते याच जिल्ह्यात केलेलं असावं, असा हट्ट कशाला?

दुपारी 3.30

आज एका गटाराच्या कामाची निविदा उघडायची होती. साहेब, अभियंता, लेखापाल, मी. डिजिटल सहीचे डोंगल दोन लागतात. एक चालला, दुसऱ्याची मुदत कालच संपलेली. तिसऱ्या अधिकाऱ्याला शोधायला शिपाई मामा धावले. ते बँकेत होते. पाऊण तास असाच गेला. ऑनलाइन पारदर्शकतेवर भाषणं करणाऱ्यांना या पाऊण तासात एकदा बसवलं पाहिजे.

पहिल्या वेळी किमान तीन निविदा लागतात, नाहीतर मुदतवाढ. यामुळे तीन येतात. म्हणजे आणल्या जातात. एक खरी, दोन डमी. डमींचा भाव थोडा वर. पूर्वी बयाण्याचे डिमांड ड्राफ्ट सर्रास कागदी यायचे तेव्हा तिघांचे नंबर लागोपाठ निघालेले मी पाहिले आहेत, एकाच शाखेतले, एकाच दिवसाचे. हे फक्त छोट्या गावात होतं असंही नाही. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत कंपन्यांनी संगनमत केलं, काहींनी नावापुरत्या निविदा भरल्या, असं ठरवून भारतीय स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये दंड ठोठावला होता. तिथं आयोग होता. इथं डमी ओळखायचं काम माझ्यासारख्या बाईचं, आणि ओळखलं तरी लिहायचं कुठे, असा रकाना तुलनात्मक तक्त्यात नाही. मी तो रकाना नव्या नमुन्यात टाकला आहे: "निविदांमध्ये परस्परसंबंध दिसतो काय? असल्यास कारण."

आजच्या तीन मात्र खऱ्या वाटल्या, कारण एकानं भाव खाली आपटला होता. अंदाजित रक्कम 20 लाख. त्यानं 19 टक्के कमीनं भरलं, म्हणजे 16 लाख 20 हजार. लेखापाल खूश झाले, नगरपरिषदेचे पावणेचार लाख वाचले म्हणून. मी गणकयंत्र काढलं. बांधकाम खात्याच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे एवढ्या खालच्या दराला जादा सुरक्षा अनामत लागते: 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर 1 टक्का, 10 ते 15 च्या मधल्या प्रत्येक टक्क्याला एक, म्हणजे 5, आणि 15 च्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला दोन, म्हणजे 8. एकूण 14 टक्के. 20 लाखांवर 2 लाख 80 हजार. मुदतीत आणले तर काम त्याचं.

इतकं खाली कोण जातं? ज्याची यंत्रं रिकामी उभी आहेत तो जातो. ज्याची स्वतःची खडी आहे तो जातो. आणि ज्याला सिमेंट कुठे वाचवायचं हे आधीच माहीत आहे तोही जातो. तिघांचा आकडा स्क्रीनवर सारखाच दिसतो. फरक कळतो तो मोजमाप पुस्तिकेत, काम चालू असताना, गटाराच्या तळाशी काँक्रीट किती जाड पडलं ते टेप लावून बघितलं तर. खरेदीच्या नियमांवर आपण जेवढा कागद खर्च करतो त्याचा दहावा हिस्साही त्या टेपवर करत नाही.

हे सगळं उघड्यावर आणणारेही आहेत. युक्रेननं 2016 मध्ये प्रोझोरो नावाची ऑनलाइन व्यवस्था सगळ्या सरकारी खरेदीला सक्तीची केली. निविदा उघडल्यावर कुणी काय भरलं, कोणती कागदपत्रं जोडली, हे कुठल्याही नागरिकाला बघता येतं. त्यात भाव खाली आणायच्या फेऱ्याही होतात, भाऊजींच्या लिलावासारख्या, फक्त उतरत्या. आपल्या जेमवरही उलट्या लिलावाची सोय आहे. तेवढं मोठं मला नियमांत घालता येणार नाही. पण कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दिलेली देयकं नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम आपणहून माहिती खुली करा असंच सांगतं. तेही लिहिलं.

सायंकाळी 5.00

एक ठेकेदार येऊन उभा राहिला. मागच्या निविदेत त्याला काम मिळालं नव्हतं.

"मॅडम, बयाणा कधी सुटतोय?"

पोर्टलवरून भरलेला बयाणा आपोआप परत जातो. याचा कागदी ड्राफ्ट होता, तो लेखापालांच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली लेखापालांकडे, लेखापाल आता जिल्ह्याच्या बैठकीला निघालेले. मी त्याला उद्या यायला सांगितलं. जाताना तो म्हणाला, "तुमच्याकडं भरायचं म्हणजे पैसा अडकतो, बिल अडकतं. त्यापेक्षा बंगल्याची कामं बरी." तो पुन्हा भरणार नाही, आणि पुढच्या वेळी तीन निविदा जमवायला आम्ही मुदतवाढ देऊ. हरलेल्याचा बयाणा पंधरा दिवसांत परत, हे कलम मी तो उभा असतानाच टाइप केलं.

सायंकाळी 5.45

साहेबांनी टिपणी वाचली. लाल पेन हातात असलं की ते बोलत नाहीत. परस्परसंबंधाच्या रकान्यावर थांबले. "हे लिहिणार कोण? उद्या कोर्टात तुम्ही जाणार का?" रकाना राहिला, पण "समितीच्या मते" असं पुढे जोडलं गेलं. मोजमाप पुस्तिका संकेतस्थळावर, हे चालेल म्हणाले. मला नवल वाटलं. नगरसेवकाचा कामात हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो हे 1965 च्या अधिनियमातच आहे, तरी समितीतल्या प्रत्येकानं "निविदाकारांशी नातं नाही" असं लिहून द्यावं, हे माझं कलम त्यांनी हसून ठेवलं. "मेहुणा नात्यात धरायचा का, ते स्पष्ट करा," म्हणाले.

वर्षाची बेरीज करून मर्यादा बघण्याच्या कलमात मात्र त्यांनी एक शब्द घातला: शक्यतो.

मी म्हटलं, "साहेब, मग कलमच कशाला?"

"मॅडम, पूर आला, पाइप फुटला, तेव्हा मी बेरीज करत बसू का?"

त्यासाठी अधिनियमात तातडीच्या कामाची वेगळी तरतूद आहे, हे मी सांगितलं. त्यांनाही ते माहीत आहे. आम्ही थोडं भांडलो. शेवटी "शक्यतो" राहिलं आणि पुढे माझी ओळ आली: शक्य नसल्यास कारणे लेखी नोंदवून सभेपुढे ठेवावीत. या ओळीवर मी समाधान मानलं. कारण लिहावं लागलं की काही लोक लाजतात. सगळे नाही.

रात्री 8.40

सासूबाईंना जेवायला वाढत होते तेवढ्यात फोन वाजला. नव्या सदस्यांपैकी एक. विषयपत्रिका त्यांच्या ग्रुपवर गेली होती, टिपणीही. आवाज आदबीचा.

"मॅडम, उशिरा त्रास देतोय. छान केलंय सगळं. सगळं वाचलं मी."

"बोला ना साहेब."

"काही नाही. आमच्या प्रभागातला तो रस्ता आहे ना, पुलापर्यंतचा. नव्या नियमात तो दहाच्या आत बसतो का, एवढंच विचारायचं होतं."

मी म्हटलं, अंदाजपत्रक अभियंत्यांकडे परत गेलंय, आल्यावर बघू.